बारा भोंगे आणि दोन बॉक्स

पुसदच्या बाजारपेठेत फुलसिंग राठोडचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा-सहा भोंगे टांगलेले असत आणि बाराही भोंग्यांची तोंडं रस्त्याकडे असत. बाहेरगावच्या माणसाने पत्ता विचारला की लोक सांगत, "सरळ जा, भोंगे दिसले की थांबा." गेली दोन-तीन वर्षं मात्र हे भोंगे भिंतीवरून फारसे उतरत नव्हते. एकात तर चिमणीने घरटं केलं होतं. फुलसिंगने ते तसंच राहू दिलं होतं.

फुलसिंगचं वय अठ्ठावन्न. त्याचा तांडा पुसदपासून नऊ किलोमीटरवर. त्याच्या घराण्यातल्या जुन्या माणसांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. वडिलांच्या पिढीत बैल नांगराला लागले आणि घर एका जागी स्थिरावलं. फुलसिंगचं मन मात्र शेतात रमलं नाही, कारण त्याचे कान भलतीकडेच लागलेले असत. लहानपणी तो तांड्याच्या चढावर येणारी एसटी नुसती ऐकून आज कोणता ड्रायव्हर आहे ते सांगत असे. सोळाव्या वर्षी तो पुसदला आला आणि उकंडा इंगोले यांच्या मंडप-लाउडस्पीकरच्या कामावर लागला.

उकंडाभाऊ जन्मले त्याआधी त्यांची तीन भावंडं दगावली होती. म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून, तिथून उचलून घरी आणलं होतं. नाव त्यावरून पडलं. तोच माणूस पुढे तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना आवाज पुरवू लागला. फुलसिंगला त्यांनी सगळं शिकवलं. वारा कुठून वाहतो ते पाहून भोंगा कडुनिंबाच्या कोणत्या फांदीला बांधायचा, नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या डोक्यावर तो येऊ नये म्हणून काय करायचं, ज्या घरात तान्हं मूल आहे त्या घराकडे भोंग्याची पाठ कशी ठेवायची. आणि एक गोष्ट ते रोज सांगत.

"भोंगा वाढवायचा असन, तं लाइनीत जोडून द्यायचा. मशिनीले इचाराले जायचं नाही."

मंडपाच्या कामात ते खरंच होतं. त्या कामाच्या मशीनमधून एक लांब वायर निघते, आणि प्रत्येक भोंग्याच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो त्या भोंग्यापुरताच घोट लाइनीतून घेतो. मशीनची ताकद संपेपर्यंत एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे भोंगे जोडत जायचे. फुलसिंगने चाळीस वर्षं हेच केलं. उकंडाभाऊ गेल्यावर त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि चारचे बारा भोंगे केले. सभा असो, सप्ताह असो की लग्न असो, लोक म्हणत, फुलसिंगचा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत जाते.

मग पिकअप गाडीवर भिंतीएवढे बॉक्स रचून डीजे यायला लागले, आणि भोंगा जुन्या जमान्याचा झाला. मागच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात त्याच्याकडे दोनच कामं आली. त्यातलं एक शाळेतल्या झेंड्याचं होतं, नुसता एक माइक.

त्याचा मुलगा बबलू तिशीचा. बसस्टँडजवळ दुसऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात काम करत होता. त्याला स्वतःचं दुकान हवं होतं आणि जागा तर घरचीच होती.

"बा, हे भोंगे काढा आता," एक दिवस जेवताना तो म्हणाला. "लोकं मले इचारतात, तुया बापाचं दुकान चालू हाये का म्युझियम हाये."

"लोकायच्या घरात जुन्या मशिनी हायेत," फुलसिंग म्हणाला. "टेप हायेत, बॉक्स हायेत. दुरुस्त करणारं कोणी राह्यलं नाही. मी घरगुती काम करीन."

"घरगुती काम. तुमी आजवर एका तरी घरातलं केलं का?"

फुलसिंगची बायको बिजलीबाई भाकरी थापत होती. ती वर न पाहता म्हणाली, "घरातलं काम करतो म्हणतात, अन् घरातला पंखा दोन महिन्यांपासून कुरकुर करून राह्यला."

बबलू हसला. फुलसिंगलाही हसू आलं, पण त्याने विषय सोडला नाही. शेवटी बापलेकांचं ठरलं, संक्रांतीपर्यंत मुदत. तोवर घरगुती कामाचं बस्तान बसलं तर दुकान फुलसिंगचं. नाही बसलं, तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भोंगे भंगारात जातील आणि भिंतीला मोबाइलची काचेची कपाटं लागतील. फुलसिंगने तांड्यावर जाऊन स्वस्थ बसायचं. 

विमलताईंचा निरोप आला तो दिवाळी होऊन तीन आठवड्यांनी.

विमलताई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. एकतीस वर्षं त्यांनी शिकवलं होतं. पुसदच्या कोणत्याही गल्लीत चार बायका उभ्या असल्या, तर त्यातली एक तरी बाईंच्या हाताखालून गेलेली असायची. त्यांनी एखाद्या दुकानाला चांगलं म्हटलं, तर ते घरोघर पोचे. वाईट म्हटलं, तर त्याहून लवकर पोचे. फुलसिंगला हे ठाऊक होतं. म्हणूनच निरोप मिळाल्यावर त्याने धुतलेला शर्ट घातला आणि हत्यारांची पिशवी दोनदा तपासली.

बाई आता चौऱ्याहत्तरच्या होत्या आणि गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांचे यजमान कृषी खात्यात होते. सगळं गाव त्यांना बापूजी म्हणे. ते जाऊन पाच वर्षं झाली होती. बापूजींना ऐकण्याचा शौक होता. नागपूरहून त्यांनी स्टीरिओ ॲम्प्लिफायर, टेप डेक आणि सागवानी बॉक्सची जोडी आणली होती. शाळेच्या दर वर्षीच्या गाण्यांची कॅसेट ते भरून ठेवत. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात वर्ष घातलेलं होतं. कपाटात अशा एकतीस कॅसेटी होत्या.

"डेक चालतो, मशीन चालतं," बाई म्हणाल्या. "बॉक्स तेवढे गेले. आमच्या पुतण्याने, कपिलने, पुण्याहून नवीन पाठवले आहेत. जोडून द्या. आणि मला पडवीतही ऐकू यायला हवं. संध्याकाळी मी तिथे बसते."

जुन्या बॉक्समधल्या स्पीकरच्या कडेचा फोम भुगा होऊन पडला होता. फुलसिंगने बोट लावलं तर काळी पूड बोटाला लागली. कपिलचे बॉक्स मात्र छान होते, छोटे, काळे, चमकणारे. पडवीसाठी फुलसिंगच्या दुकानात गाडीतल्या स्पीकरची एक जोडी होती, ती त्याने प्लायवूडच्या खोक्यात बसवून आणली. मग त्याने चाळीस वर्षं केलं तेच केलं. मशीनच्या मागच्या ज्या खुंट्यांना कपिलचे बॉक्स जोडले, त्यांनाच पडवीची वायर पिळून टाकली. लाइनीत जोडून दिलं. मशीनला विचारलं नाही.

बाईंनी कॅसेट लावली. खोलीत आवाज, पडवीत आवाज. मुलींचं गाणं दोन्हीकडून आलं. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मान हलवू लागल्या आणि फुलसिंगला संक्रांत लांब वाटू लागली. त्याने चहा घेतला. वीस मिनिटं गेली असतील. गाण्याच्या मधोमध आवाज तुटला आणि खोलीत गरम वार्निशासारखा वास पसरला.

"फ्यूज गेला," फुलसिंग म्हणाला. "जुना असन."

त्याने नवा फ्यूज टाकला. तो सात मिनिटं टिकला. त्यानंतरचा तीन मिनिटं. मशीनच्या झाकणावर हात ठेववेना, इतकं ते तापलं होतं.

मंडपवाल्यांची एक सवय असते. फ्यूज वरचेवर जायला लागला आणि वरात दारात आली, की त्या जागी तांब्याची तार टाकून मोकळं व्हायचं. फुलसिंगने पिशवीतून वायरचा तुकडा काढला, दाताने सोलला आणि त्यातली एक तार वेगळी केली.

"काय करताय, फुलसिंगभाऊ?" बाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"तार टाकून राह्यलो, बाई. फ्यूजच्या जागी."

"त्याने काय होईल?"

"फ्यूज जाणार नाही."

"मग काय जाईल?"

फुलसिंगचा हात थांबला. त्याने तापलेल्या मशीनकडे पाहिलं. "मशीन जाईन," तो म्हणाला.

एकतीस वर्षं मुलींना उभं करून प्रश्न विचारलेली बाई ती. उत्तर समोरच्याकडूनच कसं काढायचं ते त्यांना ठाऊक होतं. फुलसिंगने तार परत पिशवीत टाकली.

"बाई, खरं सांगतो. काहून होऊन राह्यलं, ते मले समजलं नाही. मले आठ दिवस द्या. समजलं तं करून देईन. नाही समजलं, तं तसं येऊन सांगीन."

"असं सांगणारी माझ्या वर्गात फार थोडी होती," बाई म्हणाल्या. "घेऊन जा. पण ते बापूजींचं आहे, एवढं लक्षात ठेवा."

मशीन उपरण्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणि नव्या-जुन्या बॉक्सच्या सगळ्या जोड्या पायाशी ठेवून फुलसिंग ऑटोने दुकानात आला. बबलूला बातमी आधीच कळली होती. पुसद काही एवढं मोठं नाही.

"पहिलंच घर, अन् धूर काढला म्हणे."

"धूर नाही निंघाला. वास आला."

"संक्रांतीले अजून सव्वा महिना हाये, बा. तोवर अजून दोन-तीन घरं होतीन." बबलू हे हसत म्हणाला, पण जाताना त्याने दुकानाच्या भिंतीकडे एकदा मापाच्या नजरेने पाहिलं. फुलसिंगला ते दिसलं.

चार दिवस त्याने मशीन उघडून पाहिलं. आत काहीच जळलं नव्हतं, आणि हेच त्याला जास्त सतावत होतं. एकेक जोडी वेगळी लावली तर मशीन चाले, तापे मात्र. दोन्ही जोड्या लावल्या की फ्यूज जाई. बारा भोंगे एका मशीनवर चालवणारा माणूस आपण, आणि इथे चार लहान खोकी चालत नाहीत. त्याला उकंडाभाऊंची फार आठवण आली.

पाचव्या दिवशी तांड्यावरच्या शेतात दिवसाची लाइन, म्हणजे वीज, होती. हरभऱ्याला स्प्रिंकलरने पाणी चाललं होतं. फुलसिंग बांधावर बसला होता, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. बिजलीबाईने वावराचा कोपरा लवकर भिजावा म्हणून पाइपाला आणखी तीन नोझल जोडले आणि मोटर चालू केली. पाणी आलं, पण सगळे नोझल मरगळल्यासारखे फिरू लागले. थोड्या वेळात स्टार्टरने खट् आवाज केला आणि मोटर बंद पडली. तिने पुन्हा चालू केली. पुन्हा खट्.

"लाइनच बरोबर नाही आज," फुलसिंग म्हणाला.

"लाइनीले कायले दोष देता?" बिजलीबाई पाइपाकडे वाकत म्हणाली. "मीच तोंडं जास्त केली. पाण्याले जाग्या झाल्या जास्त, मोटर आपली देतच राह्यते, देतच राह्यते. तिले कुठी समजते का आपल्याच्यानं किती होते? तापते अन् पडते." तिने तीनही नोझल काढून टाकले आणि तोंडांना बूच लावलं. मोटर सुरू झाली. पाणी उंच उडालं.

फुलसिंग बांधावरून उठून उभा राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"भोंग्यात कॉक असते," तो म्हणाला. "प्रत्येक भोंग्याच्या पोटात. तेवढंच पाणी घेते. या घरगुती बॉक्सात कॉकच नाही."

"पाणी कुठून आलं बॉक्सात?" बिजलीबाई म्हणाली, पण तोवर तो रस्त्याला लागला होता.

दुकानात येऊन त्याने पहिल्यांदा ते केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फडक्याने मशीनची पाठ पुसली आणि चष्मा लावून वाचली. वर्षानुवर्षांच्या धुळीखालून बारीक अक्षरं वर आली. आठ ओमपेक्षा कमीचे बॉक्स लावू नयेत. मग त्याने कपिलचे बॉक्स उलटे केले. त्यांच्या पाठीवर लिहिलं होतं, चार ओम. पडवीचे गाडीतले स्पीकर, तेही चार. ओम म्हणजे अडवणूक. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं आणि मशीनवर ओझं जास्त. दोन चार-चारचे एका खुंटीला जोडले, की दोन उरतात. आठचं ओझं पेलायला बनवलेल्या मशीनला त्याने दोनवर नेलं होतं. चौपट तोंडं उघडली होती. मशीन बिचारं देतच राहिलं होतं.

त्याच्या मनात आलं, कपिलने आठ ओमचे बॉक्स पाठवले असते तर? मग त्याने बापूजींच्या सागवानी बॉक्सकडे पाहिलं. दुरुस्तीला म्हणून ते त्याने आणले होते आणि कोपऱ्यात ठेवून दिले होते. त्याने स्पीकर सोडवून मीटर लावला. मीटरवर साडेसहा आले. फुलसिंगला एवढं माहीत होतं, की मीटर नुसती तार मोजतो आणि लिहिलेल्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो. साडेसहा म्हणजे आठ. दुसराही साडेसहा. तारेची गुंडाळी शाबूत होती. गेली होती ती फक्त कडेची फोमची गोल पट्टी.

बापूजींनी जोडी बरोबर लावली होती. ती बदलायचीच नव्हती.

संध्याकाळी त्याने बबलूसमोर स्पीकर आणि मोजपट्टी ठेवली. "मोबाइलवर पाह्य. अशी फोमची रिंग भेटते का? पण माप मिलिमीटरमध्ये पाह्यजे. आतलं एक, बाहेरचं एक."

बबलूने नाइलाजाने माप घेतलं, मग पुन्हा घेतलं. मग मोबाइलमध्ये डोकं घालून बराच वेळ शोधत बसला. "भेटते," शेवटी म्हणाला. "आठ दिवस लागतीन. पण बा, एवढ्या जुन्या डब्याले नवीन चाक लावून कायचा फायदा?"

"तू मागव तं खरी."

फुलसिंगने बाईंना जाऊन सांगितलं, चूक माझी होती, समजली आहे, आणखी दहा दिवस लागतील. बाई म्हणाल्या, "चूक कोणती ते सांगा." त्याने स्प्रिंकलरची गोष्ट सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, "हे तुमच्या बायकोने सांगितलं?"

"ती नोझल काढत होती, बाई."

"तिला एकदा घेऊन या इकडे."

रिंगा आल्या. जुनी कड खरवडून काढणं सोपं होतं. नवी चिकटवणं मात्र नाजूक काम होतं. कागदी पडदा बरोबर मध्ये राहिला नाही, तर आतली गुंडाळी लोखंडाला घासते आणि आवाज खरखरतो. फुलसिंगचा हात चाळीस वर्षं शिड्या चढून आणि भोंगे उचलून जाड झाला होता. पहिल्या रिंगेला त्याने सरस लावला तो एका बाजूला ओघळला.

"सरका," बिजलीबाई म्हणाली. तिने आयुष्यभर ओढणीवर आणि घागऱ्यावर काचेची भिंगं टाचली होती. गोलाला कुठे किती ओढ द्यायची, ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिने रिंग बसवली, बोटाने चार जागी हलकेच दाबली, समोरासमोर, मग मधल्या चार जागी.

"या भोंग्यायनं माये कान गेले," ती काम करता करता म्हणाली. "अन् आता मीच त्यायच्या सेवेले बसली."

"हे भोंगे नाही."

"तुमच्या हातात आलं म्हणजे भोंगाच."

सरस दोन दिवस वाळू दिला. मग फुलसिंगने पडद्यावर बोटं ठेवून अगदी हलकेच तो आतबाहेर केला आणि कान लावून ऐकलं. काहीही घासलं नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तो बिजलीबाईला घेऊन बाईंच्या घरी गेला. सागवानी बॉक्स जोडले, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. खुंट्यांना दुसरं काहीही नाही.

"आणि पडवी?" बाईंनी विचारलं.

"पडवी नाही, बाई. या मशीनले एकच जोडी. कपिलभाऊचे बॉक्स चांगले हायेत, पण ते या मशीनचे नाहीत. ते दुसऱ्या मशीनले लावू."

"मग मी पडवीत बसून काय ऐकू?"

"तुमीच इकडं या," फुलसिंग म्हणाला. लाइन वाढवायचीच सवय असलेल्या माणसाने ग्राहकाला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग तो खोलीत फिरू लागला. मंडपात तो वारा पाहत असे, इथे त्याने भिंती पाहिल्या. बॉक्स त्यांच्या जुन्या तिवयांवर ठेवले, भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि थोडे आत वळवले. मधूनमधून टाळी वाजवून ऐकलं. बिजलीबाई आणि बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. एका जागी येऊन तो थांबला. दोन्ही बॉक्सपासून सारखं अंतर. त्याने खाली पाहिलं तर फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा होत्या, घासून घासून खोल झालेल्या.

"इथं कोणाची खुर्ची होती, बाई?"

"बापूजींची." बाई म्हणाल्या. "मी ती माळ्यावर टाकली. उगीच खोलीच्या मधोमध येते म्हणून."

"त्यायनं मोजून ठेवली होती," फुलसिंग म्हणाला.

बिजलीबाईने बाईंना हात दिला. फुलसिंगने खिडकीजवळची खुर्ची उचलून बरोबर त्या चार खुणांवर ठेवली. बाई बसल्या. त्यांनी एका कॅसेटचं वर्ष सांगितलं, ती त्याने लावली आणि आवाज अगदी कमी ठेवला. चाळीस वर्षांत त्याने एवढा कमी आवाज कधी लावला नव्हता.

मुलींनी गायला सुरुवात केली. या वेळी त्या एका ढिगासारख्या आल्या नाहीत. डावीकडे चार, उजवीकडे पाच आणि मधे हार्मोनियम. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या एकदम पुढे झुकल्या.

"पुन्हा लावा. तेवढंच."

फुलसिंगने कॅसेट मागे घेतली. हार्मोनियमच्या सुरांमागून काहीतरी बारीक किणकिणत होतं, तालात.

"माझ्या बांगड्या आहेत," बाई म्हणाल्या. "बापूजी दर वर्षी सांगायचे, बांगड्या काढून वाजव, टेपमध्ये येतात. मी म्हणायची, तुमचे कान खोटे आहेत. मी खिडकीजवळ बसून ऐकायची आणि मला कधीच ऐकू यायच्या नाहीत." त्या पुन्हा खुर्चीत मागे टेकल्या. "खरं सांगत होते ते."

तासभर मशीन चाललं. फुलसिंगने मधून मधून झाकणावर तळहात ठेवला. उन्हात बसलेल्या मांजरीएवढं गरम, त्याहून जास्त नाही.

जाताना बाईंनी विचारलं, "कार्ड आहे का तुमचं?"

"नाही, बाई."

"मग नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा इथे. शनिवारी माझ्या जुन्या मुली येतात. त्यांना या खुर्चीत बसवणार आहे, एकेकीला."

बाईंनी तेवढंच केलं, पण तेवढं पुरलं. पहिल्या आठवड्यात पुष्पा नावाच्या, वाशिम रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईने सासऱ्यांचा बंद पडलेला सेट पाठवला. मग एका डॉक्टरांकडून माणूस आला. मग उमरखेडहून फोन आला. फुलसिंग प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारी, "मशिनीच्या पाठीवर काय लिहिलं हाये, ते वाचून सांगा." काही लोक वैतागत. काही जण मशीन पुसून पहिल्यांदाच त्याची पाठ पाहत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बबलू दुकानात आला. त्याच्या हातात मोजपट्टी होती. फुलसिंगने ती पाहिली आणि हातातला पेचकस खाली ठेवला. टेबलावर तीन मशीन उघडी होती. खाली बॉक्सच्या दोन जोड्या रांगेत होत्या. रस्त्याकडच्या भिंतीवर अकरा भोंगे पुसून टांगले होते. बारावा तसाच होता, चिमणीचं घरटं असलेला.

बबलू सगळ्यावरून नजर फिरवत उभा राहिला. मग त्याने भिंतीला मोजपट्टी लावली.

"बा, या भिंतीले फळी मारतो. बॉक्स असे खाली ठिवले तं लोकायले दिसत नाहीत. अन् तुमच्या फोमच्या रिंगा मी मागवत जाईन, माप मले समजते आता." तो पट्टी वर सरकवू लागला. "किती उंचीवर घेऊ? भोंग्यायच्या बरोबरीनं?"

"नाही," फुलसिंग म्हणाला. त्याने स्टूल ओढून मध्यभागी ठेवलं आणि त्यावर ताठ बसला. "खाली घे. बसलेल्या माणसाच्या कानापाशी."

बबलूने बापाच्या कानाजवळून भिंतीवर नजर नेली आणि पेन्सिलने खूण केली.